मधलं बोट, रात्रीची पोळी आणि क्लायंबिंगचा हंगाम

काका, तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: नात चौदा वर्षांची आहे. सहा वर्षं मल्लखांब केला, दीड वर्षापासून कृत्रिम भिंतीवर चढते, आणि क्लायंबिंगचे वर्ल्ड कप सुरू झाले की रात्री जागून मोबाइलवर बघत बसते. तुम्हाला त्यातलं काही समजत नाही, पण तिच्याशी त्यावर बोलता यावं असं फार वाटतं. हा हंगाम म्हणजे नेमकं काय, एका आठवड्यात पहिली आलेली मुलगी पुढच्या आठवड्यात विसावी कशी येते, आणि मल्लखांब सोडून तिने पूर्ण वेळ हेच करावं का, असे तुमचे तीन प्रश्न. शेवटी जाता जाता तुम्ही दोन वाक्यं लिहिलीत. तिच्या मधल्या बोटाचा मधला सांधा तीन आठवडे सुजलेला आहे. आणि आधीच्या एका शिक्षकांनी वजन उतरवायला रात्रीची पोळी बंद करायला सांगितलं होतं, ते ती अजून पाळते.

मी त्या शेवटच्या दोन वाक्यांपासूनच सुरू करतो. बाकीचं उत्तर आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

आज संध्याकाळपासून तिचं चढणं बंद. ‘जरा हलकं हलकं’ असंही नको. या वयात उंची भराभर वाढत असते. बोटाच्या हाडाच्या टोकाशी, जिथून ते हाड वाढतं, ती पट्टी अजून कूर्चेची, मऊ असते. मोठ्या माणसाच्या बोटावर फार ताण आला तर कंडरा हाडाला धरून ठेवणारा पट्टा आधी तुटतो. वाढत्या मुलांमध्ये पट्टा तग धरतो आणि ही वाढीची जागा दुखावते. भिंतीवर चढणाऱ्या मुलांत ही इजा बहुतेक वेळा मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यापाशीच सापडते. दुखतं ते बोटाच्या पाठीच्या बाजूला. एका झटक्यात काही मोडत नाही, थोडं थोडं साठत जातं, म्हणून मुलं लपवतात आणि घरच्यांना उशिरा कळतं. हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि ‘ही क्लायंबिंग करते, वाढीची पट्टी बघा’ असं शब्दशः सांगा, म्हणजे एक्स-रे त्या नजरेने पाहिला जाईल. एक्स-रेत काही दिसलं नाही आणि दुखणं तसंच राहिलं तर एमआरआयबद्दल विचारा. वेळेत थांबलं तर हे भरून येतं, काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने. तसंच चढत राहिली तर सांधा कायमचा वाकडा राहू शकतो. आणि काका, मालिश नको, बोट ओढून बसवणं तर मुळीच नको. आपल्या बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांपासून हाडं बसवण्याची परंपरा आहे आणि माझ्या मनात तिच्याबद्दल आदरच आहे. पण हे निखळलेलं हाड नव्हे.

पोळी आज रात्रीपासून सुरू करा. त्यावर पुढे लिहितो.

आता हंगाम. तिन्ही प्रकार आधी डोळ्यांसमोर आणा. बोल्डरला भिंत साडेचार मीटरच्या आतबाहेर, दोर नाही, खाली जाड गाद्या. छोटं, पण अत्यंत अवघड कोडं, दिलेल्या मिनिटांत हवे तितके प्रयत्न. लीडला भिंत पंधरा मीटर किंवा त्याहून उंच, दोर स्वतःच अडकवत वर जायचं, सहा मिनिटं आणि एकच प्रयत्न. हात सुटला की संपलं, जिथवर पोचलात तिथला आकडा तुमचा. तिसरा स्पीड. पंधरा मीटरची, पाच अंश पुढे झुकलेली भिंत आणि जगभर तोच मार्ग, तीच पकड (म्हणजे भिंतीवर बसवलेला, हाताने धरायचा उंचवटा), तेच अंतर. बोल्डर आणि लीडचा मार्ग मात्र स्पर्धेआधी कुणी पाहिलेला नसतो. या एका फरकातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर निघतं.

वर्ल्ड कपची मालिका लीडने १९८९ साली सुरू झाली, स्पीड १९९८ मध्ये आलं, बोल्डर १९९९ मध्ये. एक हंगाम म्हणजे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात वेगवेगळ्या देशांत होणाऱ्या स्पर्धांची साखळी. प्रत्येक स्पर्धेत क्रमांकाप्रमाणे गुण, आणि शेवटी प्रत्येक प्रकाराचा एकूण करंडक. विषम वर्षी त्याच्या मध्येच जागतिक अजिंक्यपद येतं. हंगामाचा करंडक वेगळा आणि जागतिक विजेतेपद वेगळं. नात ‘ती वर्ल्ड चॅम्पियन आहे पण ओव्हरऑल दुसरीकडे गेला’ असं म्हणाली तर गोंधळू नका, दोन्ही खरं असतं.

समजावून सांगायला मी नेहमी २०१९ चा हंगाम घेतो. एक तर तो तिच्या वयाच्या मुलांनी थेट पाहिलेला नसतो, आणि दुसरं म्हणजे या खेळात जे जे होऊ शकतं ते सगळं त्या सात महिन्यांत होऊन गेलं.

त्या वर्षी बोल्डरच्या सहा स्पर्धा होत्या. एप्रिलच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधलं मेरिंगेन, लगेच पुढच्या आठवड्यात मॉस्को, मग चीनमध्ये चोंगछिंग आणि त्याला लागून वुजियांग, मे महिन्यात म्युनिक, जूनमध्ये अमेरिकेतलं व्हेल. स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेत ही तेव्हा वीस वर्षांची. तिने सहाच्या साही जिंकल्या. एका हंगामातली बोल्डरची प्रत्येक स्पर्धा जिंकणं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. हे किती अवघड ते पुढे भिंत लावणाऱ्यांबद्दल सांगताना कळेल. मग ऑगस्टमध्ये जपानमधल्या हाचिओजीला जागतिक अजिंक्यपद झालं. तिथे तिने बोल्डर जिंकलं, लीड जिंकलं आणि दोन्हींसह स्पीड धरून होणारं एकत्रित विजेतेपदही जिंकलं.

एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की वर्ष तिचंच. पण लीडचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर होता, आणि २०१६, २०१७, २०१८ असा ओळीने तीन वर्षं तिच्याकडे असलेला लीडचा एकूण करंडक त्या वर्षी गेला. तो नेला दक्षिण कोरियाच्या सेओ चे-ह्योनने. मोठ्यांच्या गटातला तिचा तो पहिलाच हंगाम, वय पंधरा. त्या वर्षात सोळा पूर्ण होणार असतील तर मोठ्यांत उतरता येत असे, आणि तिचा वाढदिवस नोव्हेंबरात. म्हणजे अख्खा हंगाम ती पंधराचीच होती.

का झालं असं? याच्या खोलात जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बोल्डरला लागते स्फोटक ताकद. पाच-दहा हालचाली, प्रत्येकीत जीव काढायचा, मग विसावा. लीडला लागतो हाताच्या पुढच्या भागाचा दम. चाळीस-पन्नास हालचाली, दर हालचालीला थोडं रक्त कमी पोचतं, शेवटी बोटं आपोआप उघडतात. आम्ही त्याला ‘हात भरले’ म्हणतो. हे दोन्ही गुण एकाच वेळी टोकाला नेता येत नाहीत. एक वाढवायला सहा-आठ आठवडे लागतात आणि तेवढ्यात दुसरा उतरू लागतो. त्यातून विमानप्रवास, वेळेतले फरक, आणि बोटांच्या टोकांची कातडी. कातडीला लोक हसतात, पण मी स्पर्धा कातडीवर हरलेली मुलं पाहिली आहेत. खरखरीत पकडीवर दोन दिवस झटून टोकं गुळगुळीत, लालबुंद झाली की आठवड्याभरात पुन्हा तयार होत नाहीत. मेरिंगेनहून मॉस्कोला जाताना मध्ये तेवढाच वेळ होता.

पुरुषांकडेही तेव्हा असंच. झेक प्रजासत्ताकाचा आदाम ओंद्रा हा खडकावर चढणाऱ्यांतला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस. त्याने मेरिंगेन जिंकलं, हाचिओजीला लीडचा जागतिक विजेता झाला, लीडचा करंडकही त्याचाच. पण त्याच हाचिओजीत एकत्रित प्रकाराच्या पात्रता फेरीत लीड चढताना त्याचा पाय दोर अडकवण्यासाठी भिंतीत बसवलेल्या बोल्टवर टेकला. बोल्टचा आधार घेणं नियमात बसत नाही. त्याचा आकडा तिथेच थांबवला गेला, तो अठरावा आला, अंतिम फेरी हुकली आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीटही तिथे मिळालं नाही. ते त्याला नंतर फ्रान्समध्ये तुलूझच्या पात्रता स्पर्धेत मिळवावं लागलं. काही दिवसांपूर्वी जगात पहिला असलेला माणूस अठरावा. तुमचा ‘विसावी कशी’ हा प्रश्न वाचल्यावर मला आधी हेच आठवलं.

पण पाय चुकीच्या जागी पडणं हा अपघात. नेहमीचं कारण वेगळं आहे, आणि ते मी जवळून पाहिलं आहे.

२०१६ च्या मे महिन्यात वाशीला सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात बोल्डरचा वर्ल्ड कप झाला, मुंबईच्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेच्या मंडळींनी प्रचंड कष्ट घेऊन भरवलेला. मी बडोद्याहून रात्रीच्या गाडीने स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. माझ्याकडे काम आलं पकडी ब्रशने साफ करायचं. दर स्पर्धकानंतर पुढे जायचं, लांब दांड्याच्या ब्रशने हातांना लावायच्या चॉक पावडरीची पुटं काढायची, मागे यायचं. बाहेर दमट उकाडा, आत माणसांची गर्दी, पकडी घामाने लगेच चिकट व्हायच्या. त्या दोन दिवसांत मला उमगलं की या खेळात समोरचा प्रतिस्पर्धी दिसत नाही. तो आदल्या रात्री ड्रिल हातात घेऊन शिडीवर उभा असतो. त्याला म्हणतात रूट सेटर.

रूट सेटरचं काम कठीण मार्ग लावणं एवढंच नाही. त्याला स्पर्धक वेगळे करायचे असतात. सगळे चढले तर निकाल लागत नाही, कुणीच चढलं नाही तरी लागत नाही. चार कोड्यांपैकी एक तोल सांभाळायचं, जिथे जवळजवळ उभ्या भिंतीवर हातांना काहीच नाही. एक धावत जाऊन उडी मारायचं. एक निव्वळ बोटांच्या जोरावरचं. एक असं की खांदे आणि कंबर पिळवटून निघते. शेवटच्या क्षणी एखादी पकड दोन अंश फिरवली तरी सगळं बदलतं. आता समजा एखादी मुलगी बोटांच्या कोड्यात अव्वल आणि उडीत कच्ची. या आठवड्यात चारांतली दोन कोडी तिच्या बाजूची निघाली, ती जिंकली. पुढच्या आठवड्यात दुसरा सेटर, दुसरा देश, तीन कोडी उडीची. ती उपांत्य फेरीही गाठत नाही. ती तीच आहे, तिची तयारी तीच आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बोल्डरच्या अंतिम फेरीतलं पहिलं कोडं आठवा, किंवा नातीला दाखवायला सांगा. सुरुवातीचीच पकड उंच होती, उडी मारून गाठायची. जपानची आइ मोरी ही बुटकी मुलगी पुन्हा पुन्हा उडी मारत राहिली, तिथवर पोचलीच नाही. त्या कोड्यात शून्य. त्यानंतर लीडमध्ये ती आठ जणींत सर्वांत वर गेली, आणि तरी एकूण चौथी आली. यावर तेव्हा जगभर वाद झाला. माझं मत सांगतो. उडीचं कोडं असणं चूक नाही, उंची कमी असणाऱ्यांनी उडी शिकावीच लागते. पण सुरुवातच अशी ठेवली की पुढची चढाई दाखवायची संधीच मिळत नाही, आणि तसं करू नये. कोडं चौथ्या-पाचव्या हालचालीला आवळावं.

गुणांची पद्धतही जाणून घ्या म्हणजे पडद्यावरचे आकडे कळतील. २०२५ पासून बोल्डरला माथा गाठला की २५ गुण, अर्ध्या वाटेवरची ठरलेली पकड, तिला झोन म्हणतात, तेवढीच धरता आली तर १०. आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला ०.१ वजा. आता बघा, दोन मुलींनी प्रत्येकी दोन माथे आणि एक झोन मिळवला. दोघींचे ६०. एकीचे दोन प्रयत्न फसले, दुसरीचे तीन. ५९.८ आणि ५९.७. एक आत, एक बाहेर. एकदा टाच सरकली एवढाच फरक. पात्रता फेरीत साठ-सत्तर जणी असतात आणि मधल्या वीसेक जणी अशाच खेटून असतात. म्हणून विसावी आलेली मुलगी दहावीपेक्षा किती मागे होती हे निकालाच्या तक्त्यावरून सांगता येत नाही. लीडमध्ये तर ‘३४’ आणि ‘३४+’ यांत हार-जीत होते. चौतिसावी पकड दोघींनी धरली, पण अधिकचिन्हवालीने पुढच्या पकडीकडे हात टाकला होता.

स्पीड मी थोडक्यातच सांगतो, कारण त्यात गूढ कमी आहे आणि तिला तुम्ही लिहिता त्याप्रमाणे त्यात रस नाही. मार्ग ठरलेला, म्हणून सगळी झुंज घड्याळाशी. इंडोनेशियाच्या किरोमाल काटिबिनने २०२२ मध्ये बरोबर ५ सेकंद गाठले. त्याच देशाचा वेद्रिक लिओनार्दो २०२३ मध्ये ४.९० वर आला, पाचाच्या आत येणारा पहिला. २०२५ मध्ये अमेरिकेचा सॅम वॉटसन बालीला ४.६४ मध्ये वर पोचला. पंधरा मीटर, काका. चार-पाच मजली इमारतीची नुसती उंची डोळ्यांपुढे आणा आणि ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणून पाहा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. नात हंगाम बघते तेव्हा कोण कुठे जिंकलं हे बघत असणार. तिला कोण कुठे उतरलंच नाही हे बघायला शिकवा.

२०२२ मध्ये गार्नब्रेतने बोल्डरच्या हंगामाची पहिली स्पर्धा, मेरिंगेन, जिंकली. आणि त्यानंतर उरलेल्या बोल्डर स्पर्धांतून बाजूला झाली. जिंकत असताना. बोल्डरचा एकूण करंडक अमेरिकेच्या नतालिया ग्रॉसमनकडे गेला, तो जाऊ दिला. तो वेळ लीडच्या तयारीला दिला आणि लीडचा करंडक जिंकला. २०२३ च्या सुरुवातीला तिच्या पायाचं बोट मोडलं, हंगामाची सुरुवात गेली. ऑगस्टमध्ये बर्नला ती बोल्डर आणि एकत्रित अशा दोन्हींत जागतिक विजेती झाली. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला पुन्हा लीड आणि बोल्डर दोन्ही, जागतिक विजेतेपदं दहा झाली. २०१९ मधले साही विजय सगळे सांगतात, आणि सांगायलाच हवेत. पण मला विचाराल तर पोरांनी शिकावं असं वर्ष २०२२. जिंकत असलेल्या गोष्टीतून उठून जायला जी ताकद लागते ती बोटांत नसते.

मला ती ताकद नव्हती. एकतिसाव्या वर्षी अनामिका दुखत असताना एका निवड स्पर्धेत उतरलो. तिसऱ्या कोड्यावर ‘टक्’ असा आवाज आला, मागे बसलेल्यांनाही ऐकू गेला. पट्टा तुटला. आज थंडीत सकाळी ते बोट पूर्ण मिटत नाही. मला कुणी उतरायला भाग पाडलं नव्हतं, निर्णय माझा होता. तुमच्या पत्रात बोटाबद्दल वाचलं तेव्हा ते बोट माझ्या डोळ्यांपुढे होतं.

तर नातीचा हंगाम. तिच्यासाठी ही स्पर्धांची साखळी म्हणजे आयएमएफच्या (इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनच्या) पश्चिम विभागाच्या स्पर्धा आणि त्यातून पुढे गेली तर राष्ट्रीय. यंदाची विभागीय तिला सोडू द्या. ती रडेल. रडू द्या, आणि शेजारी बसा. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये बोल्डर, लीड आणि स्पीड तिन्हींची पदकं वेगळी असणार आहेत, त्यामुळे सगळंच करायचं ओझं आता कुणावर नाही. तिने अजून दोन वर्षं बोल्डर आणि लीड दोन्ही मजेने करावं, सोळाव्या-सतराव्या वर्षी शरीरच सांगेल कुठे कल आहे. बोट बरं झाल्यावरही वाढ पूर्ण होईपर्यंत तीन गोष्टींना मनाई: बोटांची मधली पेरं उभी करून अंगठा वर दाबण्याची पूर्ण क्रिंप पकड सरावात वारंवार नको, लाकडी पट्ट्यांवर पाय सोडून हातांनी उड्या मारणं नको, आणि वजन बांधून लोंबकळणं नको. जे शिक्षक या वयात हे करायला लावतात त्यांच्याकडे पाठवू नका, त्यांची मुलं कितीही पदकं आणोत.

मल्लखांब बंद करू नका. मनापासून सांगतो. भिंतीवर येणाऱ्या मुलांना मी पहिले सहा महिने जे शिकवतो ते तिच्या अंगात आधीच आहे. पोट आणि कंबर भिंतीला चिकटवून ठेवणं, उलटं लटकताना दिशा न हरवणं, अढी घातलेले पाय सोडायचे कधी हे अंगाला कळणं. दोरीचा मल्लखांब केला असेल तर पायाच्या अंगठ्याची जाण विलक्षण असते, आणि क्लायंबिंगच्या बुटात सगळं वजन त्या अंगठ्यावरच तोलायचं असतं. टाच अडकवून शरीर ओढण्याची हालचाल तिला कुणी न शिकवता आली असेल, विचारा तिला. अर्थात आत्ता बोट बरं होईस्तोवर खांब आणि दोरीही डॉक्टरांना विचारूनच.

दोन गोष्टी मात्र मल्लखांब उलट्या शिकवतो. एक साधी: खांबाला एरंडेल लावतात, भिंतीवर हात कोरडे ठेवायला चॉक. एरंडेलाचा हात पकडीला लागला की ती पकड दिवसभर सगळ्यांसाठी बिघडते. म्हणून दोन्हींचे वार वेगळे ठेवा. दुसरी मोठी. खांबावरून पडायचं नसतंच, वर्षानुवर्षं तेच मुरलेलं असतं. बोल्डरमध्ये दिवसाला चाळीस वेळा पडायचं असतं. मल्लखांबाच्या मुली शेवटच्या पकडीशी पोचून हात टाकत नाहीत, अंग चोरतात, हे मी बऱ्याच जणींत पाहिलं आहे. त्यांना घाबरट म्हणू नये. त्यांना पडायला शिकवावं: दोन्ही पाय एकदम, गुडघे सैल, पाठीवर लोळत जायचं, हात मागे टेकायचा नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या मातीत कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता पोळी. हा खेळ वजनाविरुद्ध आहे, म्हणून वजन कमी केलं की काही दिवस खरंच वर जाता येतं. सापळा तिथेच आहे. शरीराला खर्चापेक्षा कमी अन्न मिळत राहिलं की आधी पाळी अनियमित होते, मग हाडं ठिसूळ होऊ लागतात, जखमा भरत नाहीत, झोप आणि मन बिघडतं. हे आंतरराष्ट्रीय पातळीवरही इतकं वाढलं होतं की २०२३ मध्ये जागतिक महासंघाच्या वैद्यकीय समितीतल्या दोन डॉक्टरांनी, फोल्कर शोफल आणि ऑयगेन बुर्टशर यांनी, महासंघ पुरेसं काही करत नाही म्हणून राजीनामे दिले. त्यानंतर २०२४ पासून खेळाडूंच्या आरोग्य तपासणीचे नवे नियम आले. वाढत्या मुलीचं दुखावलेलं हाड भरून यायला अन्नच लागतं. तिच्या आईला सांगा की पाळीबद्दल तिच्याशी मोकळेपणाने बोला, आणि डॉक्टरांनाही ते सांगा. जेवण इतरांसारखंच, वरण-भात, पोळी-भाजी, दूध, शेंगदाणे, खात असाल तर अंडी. सरावानंतर तासाभरात काहीतरी पोटात जाऊ द्या. आणि घरात तिच्या वजनाचा आकडा कुणी उच्चारू नये.

राहिला तिच्याशी बोलण्याचा प्रश्न. चढणं बंद असलं तरी एक सराव चालू ठेवता येतो, आणि तो करायला तिला दुसरा माणूस लागतो. लीडच्या अंतिम फेरीआधी स्पर्धकांना भिंतीसमोर सहा मिनिटं उभं राहू देतात. एरवी ते बंद खोलीत असतात, मोबाइल काढून घेतलेले, दुसऱ्याची चढाई पाहायची नाही. त्या सहा मिनिटांत दुर्बीण लावून, हवेत हात हलवत, कुठला हात कुठे हे पाठ करायचं. वरच्या पातळीवर अर्धी स्पर्धा इथेच ठरते, आणि आपल्याकडची मुलं नेमकी इथे कमी पडतात, कारण नवी भिंत वाचायची संधीच त्यांना फार मिळत नाही.

तर एक वही आणा. २०१९ च्या हाचिओजीची मुलींची लीड अंतिम फेरी तिला लावायला सांगा. पहिली मुलगी भिंतीशी येण्याआधी थांबवा. तिने भिंत वाचायची आणि एकेक हालचाल सांगायची: उजवा हात पिवळ्या गोलावर, डावा पाय वर, इथे दोर अडकवायचा, इथे विसावा. तुम्ही क्रमाने लिहायचं, मनात प्रश्न आला की विचारायचा. ‘इथे हात का बदलला?’ असं तुम्ही विचारलंत की तिला तिथेच आपली चूक दिसेल. मग पुढे चालू करा आणि कुणी काय केलं ते समोरच्या पानावर लिहा. सुरुवातीला विसाव्याच्या जागा तिच्या हमखास चुकतील, त्याच लाल पेनाने खुणावून ठेवा. युरोपातल्या फेऱ्या आपल्याकडे मध्यरात्री जातात, त्या थेट बघायचा हट्ट दोघांनीही सोडा. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितल्या तरी भिंत तीच असते.

एक्स-रे काढला की मला कळवा. बोट बरं झाल्यावर तिला भिंतीवर घेऊन याल तेव्हा ती वही बरोबर आणा, पहिला मार्ग मी त्यातूनच लावीन.